मोर्चावर लाठी पडली, त्या रात्री युनियनने कुठे असावं

प्रश्न विचारणारे एका एमआयडीसीतल्या कायम कामगारांच्या युनियनचे सेक्रेटरी आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शेजारच्या कारखान्यातल्या कंत्राटी पोरांनी तीन महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी गेटसमोर ठिय्या दिला. जमावबंदी आहे, उठा, असं पोलिसांनी सांगितलं आणि पाच-दहा मिनिटांत लाठीमार सुरू झाला. अकरा जणांना उचललं, चाळीसएक जणांवर गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी मोठ्या संघटनांची निषेधाची पत्रकं आली आणि विषय तिथेच थांबला. सेक्रेटरी विचारतात, ‘ही पोरं आमची सभासद नाहीत, पण आमच्या डोळ्यांसमोर त्यांनी मार खाल्लाय. अशा वेळी संघटित कामगारांनी करायचं काय? एक दिवसाचा संप करावा का? कोर्टात जावं का? आणि या सगळ्याने काही होतं का?’

मी युनियनच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, नोकरी करत कायदा शिकले आणि गेली तीसेक वर्षं कामगार न्यायालयात आणि फौजदारी कोर्टात कामगारांच्या बाजूने उभी राहते आहे. त्या अनुभवावरून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. होतं, नक्की होतं. मात्र निम्मा निकाल पहिल्या चोवीस तासांत लागलेला असतो आणि उरलेला निम्मा पुढच्या सात-आठ वर्षांच्या तारखांमध्ये लागतो. आपल्या संघटना या दोन्ही ठिकाणी कमी पडतात, असं मला फार वाटतं, आणि त्याचं दुःखही होतं.

पहिल्या रात्रीचं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वकिलीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. एका तालुक्याच्या गावातला सरकारी दवाखाना, रात्रीचे साडेअकरा. बाकावर पाच कामगार बसलेले, सहावा पालथा पडलेला, कारण त्याला पाठ टेकवत नव्हती. मी शर्ट वर करायला लावला. पाठीवर चार वळ होते. काठीचा वळ ओळखू येतो: दोन समांतर लाल रेषा आणि मधली पट्टी फिकट, रेल्वेच्या रुळांसारखी. पडून, घसरून, भांडणात धक्का लागून असा वळ उठत नाही. केसपेपरवर मात्र लिहिलं होतं, ‘पडून मार’. मी विचारलं, ‘पडला होतास का रे?’ तो म्हणाला, ‘नाही ताई. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हवालदार मागंच उभे होते.’

ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, घाबरलेला होता. मी त्याच्याशी भांडले नाही. ‘तुम्ही निष्कर्ष काढू नका, पेशंट काय सांगतो तेवढंच त्याच्या शब्दांत लिहा,’ एवढंच म्हणाले. त्याने खाली लिहिलं, ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार पोलिसांच्या काठीने मारहाण’, सही केली, वेळ टाकली. एमएलसी (पोलीस प्रकरणातल्या जखमींच्या) नोंदवहीत क्रमांक पडला. खटला सुरू झाला तेव्हा त्या बाकावरचे दोघे गाव सोडून गेले होते, डॉक्टरची बदली झाली होती, पण तो कागद होता. जमावानेच हल्ला केला आणि पोलिसांनी बळ वापरलंच नाही, हे म्हणणं त्या एका ओळीपुढे टिकलं नाही.

म्हणून तुमच्या अकरा पोरांसाठी आणि मार खाऊन घरी गेलेल्यांसाठी पहिलं काम दवाखान्याचं. घरी गेलेले लोक दवाखान्यात जात नाहीत, हळद-तेल लावून झोपतात, कारण गेलं तर आपलंही नाव एफआयआरमध्ये येईल अशी त्यांना धास्ती असते. ती धास्ती अगदीच खोटी नाही. फिर्यादीत ‘इतर ४० ते ५० अनोळखी इसम’ असं लिहिलेलं असतं आणि ती रिकामी जागा पुढे कुणाच्याही नावाने भरता येते. तरी त्यांना घेऊन जा, एकेकट्याला पाठवू नका, युनियनचा माणूस सोबत द्या. वळाचा फोटो शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा, म्हणजे लांबी-रुंदी कळते. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा काढा. लाल डाग निळा होतो, मग हिरवट, मग पिवळा, आणि त्या बदलावरून मार साधारण कधीचा याचा अंदाज येतो. रक्त लागलेला शर्ट धुऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडूही नका. वाळवून कागदात गुंडाळून ठेवा.

दुसरं काम पोलीस ठाण्याबाहेरचं. कुणाला, किती वाजता, कोणत्या गाडीतून, कुठे नेलं याची यादी एकाच वहीत, एकाच माणसाने लिहायची. अटक झाली असेल तर अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवलेलं हवं. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या डिसेंबरात घालून दिलेले हे नियम आता कायद्यातच आले आहेत. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायला हवीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलंय. तुमच्याकडच्या कंत्राटी पोरांत बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं असतील, त्यांच्या हातात मराठी कागद देऊन अंगठा घेतला असेल, तर ही गोष्ट पहिल्याच रिमांडला, म्हणजे कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटपुढे आणतात तेव्हा, मांडायची. बायका असतील तर सूर्यास्तानंतर अटक झाली का ते पाहा. अपवादात्मक परिस्थितीतही महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते.

आणि तिसरं, ज्यात मी सर्वांत जास्त खटले बुडताना पाहिले. चोवीस तासांच्या आत पोरांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात. मॅजिस्ट्रेट नेहमीच्या रिवाजाने विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?’ रात्रभर कोठडीत बसलेला, मागे शिपाई उभा असलेला बावीस वर्षांचा पोरगा काय म्हणणार? ‘नाही साहेब.’ झालं. ‘तक्रार नाही’ हे दोन शब्द कागदावर उतरतात आणि पुढे कुठेही गेलात तरी तेच दोन शब्द तुमच्यापुढे ठेवले जातात. पोराला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठून एवढंच सांगा: विचारलं की शर्ट वर कर आणि दाखव. वकिलाने लगेच पुन्हा वैद्यकीय तपासणी करण्याचा अर्ज द्यायचा. सोबत दुसरा अर्ज ठाण्याच्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याचा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रणाची साठवण बंधनकारक केलीय. ‘यंत्रणा बंद होती’ असं उत्तर आलंच तर तेही लेखी घ्या, पुढे कामाला येतं.

आता जमावबंदीबद्दल. मनाई आदेशाची प्रत मागा. आपल्याकडे बहुतेक वेळा तो महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खाली असतो आणि शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून जास्त चालत नाही. त्यावरच्या तारखा बघा, हद्द बघा, ठिय्याच्या जागेचा त्यात समावेश आहे का बघा, तो लोकांना कळेल असा जाहीर केला होता का विचारा. आदेश खरा असला तरी काठी आपोआप कायदेशीर ठरत नाही. आधी पांगण्याचा हुकूम, तो ऐकू जाईल असा, पांगायला वेळ आणि वाट, आणि मग लागेल तेवढंच बळ: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८चा, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या १२९चा, गाभा हाच आहे. पाच मिनिटांत, एका बाजूला गेट आणि दुसऱ्या बाजूला पोलिसांच्या गाड्या लावून सुरू झालेला लाठीमार या कसोटीवर लंगडा पडतो. गेटवरच्या कॅमेऱ्यात घोषणा किती वाजता झाली आणि पहिली काठी किती वाजता पडली हे दिसत असेल, तर त्या मधल्या मिनिटांवर तुमची अर्धी केस उभी आहे. पोलिसांवर दावा किंवा खटला भरायचा असेल तर त्याच महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ आठवणीत ठेवा. कर्तव्याच्या नावाखाली झालेल्या कृत्याबद्दल साधारण सहा महिन्यांची मुदत आहे. शासनाच्या पूर्वमंजुरीने फौजदारी खटल्याला दोन वर्षांपर्यंत. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्ष. चौकशी समितीच्या अहवालाची वाट बघत सहा महिने घालवणारे कितीतरी जण माझ्याकडे सातव्या महिन्यात आले आहेत.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हे वकिलाचं काम झालं, युनियनचं काय? मी जे बोलते आहे ते युनियनचंच काम आहे. रात्री साडेअकराला दवाखान्यात पाच माणसं उभी करणं एकट्या वकिलाला जमत नाही. चाळीस घरांत निरोप पोहोचवणं जमत नाही. ते ज्यांच्याकडे ऑफिस आहे, शिक्का आहे, वर्गणी आहे आणि शिफ्ट सुटल्यावर येणारी माणसं आहेत त्यांनाच जमतं.

संघटित ताकदीने काय होतं आणि काय राहून जातं, हे बघायला गुडगावचं २००५ सालचं प्रकरण घ्या. २५ जुलै २००५. आपल्याकडे ही तारीख फारशी कुणाच्या लक्षात नाही, कारण दुसऱ्याच दिवशी, २६ जुलैला, मुंबई पाण्याखाली गेली आणि आपण सगळे त्यात बुडालो. गुडगावजवळच्या मानेसरच्या होंडा दुचाकी कारखान्यात कामगारांनी युनियन बांधली होती. चौघे बडतर्फ, पन्नासएक निलंबित, आणि जूनच्या अखेरीपासून बाकीचे गेटबाहेर. त्या दिवशी मोर्चा निघाला, वाटेत चकमक झाली, पोलीस अधिकारी जखमी झाला, सरकारी गाडी जळाली. हेही सांगितलं पाहिजे, लपवून उपयोग नाही. मग लघु सचिवालयाच्या आवारात कामगारांना घेरून मारलं. खाली बसलेल्या माणसांवर काठ्या पडताना देशाने टीव्हीवर पाहिलं. जखमी शेकड्यांनी होते.

पुढच्या पाच दिवसांत जे घडलं ते नीट बघण्यासारखं आहे. ती युनियन आयटक या केंद्रीय कामगार संघटनेशी जोडलेली होती, आयटकचे गुरुदास दासगुप्ता खासदार होते, आणि केंद्रातलं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं. संसदेत गदारोळ झाला, इतर संघटना सोबत आल्या, आणि ३० जुलैला मुख्यमंत्री भूपिंदरसिंह हुड्डा यांच्या मध्यस्थीने समझोता झाला. बडतर्फ झालेले चौघेही परत कामावर घेतले गेले. बदल्यात कामगारांनी वर्षभर नवी मागणी न करण्याचं मान्य केलं. लाठीमाराच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती जी. सी. गर्ग यांचा आयोग नेमला गेला. पाच दिवसांत एवढं पदरात पडणं ही लहान गोष्ट नाही. ती मोर्चाच्या, संसदेतल्या आवाजाच्या आणि दूरचित्रवाणीच्या एकत्र जोराने झाली. पण खुनाच्या प्रयत्नासारखी कलमं लावलेले खटले समझोत्याने संपले नाहीत. नोकरी परत मिळालेली माणसं तारखांना जात राहिली.

म्हणून माझ्या हाताखालच्या वकिलांना मी सांगते, समझोत्याच्या मसुद्यात खटल्यांचं कलम पहिल्या पानावर घ्या. मालक खटला मागे घेऊ शकत नाही, मंत्रीही नुसतं तोंडी बोलून घेऊ शकत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करायचा आणि कोर्टाने संमती द्यायची, असा तो मार्ग आहे. आपल्या राज्यात आंदोलनातले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात. त्यात जीवितहानी नसावी, मालमत्तेचं नुकसान मर्यादेत असावं अशा अटी असतात, आणि समितीपुढे प्रकरण न्यावं लागतं. ते आपोआप कुणी नेत नाही. आणखी एक खाच: आरोपींत आमदार-खासदार असेल तर २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्याविरुद्धचा खटला मागे घेता येत नाही. मोर्चाला नेता यावा, जरूर यावा, पण गुन्ह्यात त्याचं नाव आलं तर पोरांचा मार्ग लांबतो हे आधी माहीत असू द्या.

त्याच मानेसरमध्ये सात वर्षांनी उलटं चित्र दिसलं. १८ जुलै २०१२ला मारुतीच्या कारखान्यात हिंसाचार झाला, आग लागली, एका व्यवस्थापकाचा मृत्यू झाला. तो मृत्यू भयंकर होता, त्याच्या घरच्यांचं दुःख कुठल्याही मागणीपेक्षा मोठं होतं. त्यानंतर १४८ कामगार आरोपी झाले. कोठडीत मारहाण झाल्याच्या तक्रारी होत्या. उच्च न्यायालयाने २०१३ साली जामीन नाकारताना परदेशी गुंतवणूकदारांच्या मनात भीती बसेल असाही मुद्दा मांडला. बहुतेकांनी दोन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. मार्च २०१७मध्ये निकाल लागला तेव्हा ३१ जण दोषी ठरले, त्यातल्या १३ जणांना जन्मठेप झाली, आणि ११७ जण निर्दोष सुटले. त्या ११७ जणांची वर्षं कुणी परत दिली नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या केंद्रीय संघटनांनी त्या काळात हात आखडता घेतला. माणूस मेलाय, यात पडलो तर आपलं नाव खराब होईल, ही भीती होती. पण खुनाचा निषेध करणं आणि आरोपीला मारहाण न होता, वेळेत, सरळ मार्गाने न्याय मिळावा म्हणून उभं राहणं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. ती करावीच लागतात. लाठी खाणारा नेहमी निष्कलंक असेल अशी अट घातली, तर आपण कधीच कुणासाठी उभे राहणार नाही.

एक परदेशी उदाहरण मला इथे द्यावंसं वाटतं, कारण त्याने मला आरोपपत्र वाचायला शिकवलं. इंग्लंडमधला खाणकामगारांचा संप, १८ जून १९८४, दक्षिण यॉर्कशरमधलं ऑर्ग्रीव्ह. घोडदळाच्या पोलिसांनी निदर्शकांवर चाल केली आणि ९५ खाणकामगारांवर दंगल आणि बेकायदा जमावाचे आरोप ठेवले. पुढच्या वर्षी पहिल्या पंधरा जणांचा खटला ४८ दिवस चालून कोसळला, कारण वेगवेगळ्या पोलिसांच्या जबाबांत तीच ती वाक्यं होती. कुणीतरी सांगून लिहवून घेतलेली. १९९१मध्ये त्या पोलीस दलाने ३९ कामगारांना मिळून सव्वाचार लाख पौंड भरपाई दिली, तरी चूक मान्य केली नाही. मग खाणी बंद झाल्या, युनियन रोडावली, पण म्हातारे झालेले कामगार आणि त्यांच्या बायका-मुलांनी २०१२पासून पुन्हा मोहीम बांधली, आणि २०२५च्या जुलैत तिथल्या सरकारने अधिकृत चौकशी जाहीर केली. एकेचाळीस वर्षं.

तुमच्या गुन्ह्यात आरोपपत्र येईल तेव्हा पोलीस साक्षीदारांचे जबाब एकाखाली एक ठेवा आणि पेन्सिलने सारख्या ओळी जोडा. ‘जमावातील इसमांनी आरडाओरडा करून आमच्या अंगावर धावून येऊन सरकारी कामात अडथळा निर्माण केला’ हे वाक्य मी आठ वेगवेगळ्या शिपायांच्या तोंडी, अक्षरचुकीसकट तसंच, पाहिलेलं आहे. उलटतपासणीत तेवढ्यावर आमच्या एका खटल्यात ३५३, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला करून कामात अडथळा आणल्याचं कलम, पडलं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालंय, लोक अजून ‘३५३ लावलं’ असंच म्हणतात. अजामीनपात्र असल्यामुळे ते हमखास लावतात. अकरा जणांना आत ठेवायची सोय त्यानेच होते.

आता संपाबद्दल. मुंबईच्या कामगारांनी पोलिसी बळाला तोंड देत संप केल्याची परंपरा मोठी आहे. ७ नोव्हेंबर १९३८च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांग्यांचे कम्युनिस्ट एकत्र होते. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव आहे, अशी बाबासाहेबांची विधिमंडळातली मांडणी होती. त्याही दिवशी गोळीबार झाला. २१ नोव्हेंबर १९५५ला संप करून विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ माणसं गेली. आज तिथे हुतात्मा चौकात हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. त्या आणि त्यानंतरच्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी मान्य झाली नाही. केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली तेही बोलून दाखवलं. कामगारांनी त्यावर पुढे काय केलं? संयुक्त महाराष्ट्र समितीत राबले आणि १९५७च्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात मतपेटीतून जाब विचारला. एका दिवसाच्या हरताळावर त्यांनी थांबवलं नव्हतं, हे लोक विसरतात.

तुमच्या बाबतीत मात्र उद्या सकाळी अचानक मशिनं बंद करू नका. महाराष्ट्राच्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथांबद्दलच्या १९७१च्या कायद्यात संपासाठी चौदा दिवसांची नोटीस आहे, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही चौदा दिवस आहेत, आणि त्या संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप धरला जातो. तुमच्या मालकाचा या लाठीमाराशी संबंध नाही. बेकायदा संपाचं हत्यार त्याच्या हातात देऊन तुम्हीच अडकाल आणि अकरा पोरांचं काम बाजूला पडेल. त्यापेक्षा द्वारसभा घ्या, दोन्ही पाळ्यांच्या. काळी फीत लावून काम करा. वसाहतीतल्या सगळ्या कमिट्यांना एका ठिकाणी बोलवा आणि पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना वीस युनियनच्या सह्यांचं एक निवेदन द्या, पोचपावती घ्या. वीस शिक्के असलेल्या कागदाचं वजन वेगळं असतं. तुमचाच मोर्चा काढायचा ठरला तर स्वयंसेवक नेमा आणि शिस्त राखा. दिल्लीच्या रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली झोपलेल्या लोकांवरची कारवाई चुकीची ठरवली, पण भरपाईतला चौथा हिस्सा आयोजकांवरही टाकला.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. द्वारसभेत पोलीस शिपायाला शिव्या देऊ नका. वरळीच्या, नायगावच्या बीडीडी चाळींत पोलीस आणि गिरणी कामगार एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिले. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईच्या पोलिसांनीच संप केला तेव्हा त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले ते जानेवारीपासून संपावर असलेले गिरणी कामगार. त्या शिपायांना आजही युनियन करण्याची मुभा नाही. बारा-बारा तासांच्या बंदोबस्तावर तो उभा असतो, आणि हुकूम दुसऱ्याचा असतो. तुमचा जाब हुकूम देणाऱ्याला आहे: आदेश कुणी दिला, किती वाजता दिला, स्टेशन डायरीत काय लिहिलं. निवेदनात हे प्रश्न असू द्या.

राहिला ‘ही आमची सभासद नाहीत’ हा मुद्दा. तुम्ही तो अडचण म्हणून लिहिलाय, पण मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच वाटली. या पोरांकडे काय नाही ते बघा. गावाकडे जमीन नाही, इथे घर नाही, तीन महिने पगार नाही, ओळखीचा माणूस नाही. कोर्ट जामीन मंजूर करतं आणि तरीही पोरं आत राहतात, कारण स्थानिक जामीनदार मिळत नाही. मी एका मुलाला पंधरा हजारांच्या जामिनासाठी एकोणीस दिवस जास्त आत राहिलेला पाहिलंय. तुमच्या कायम कामगाराकडे मात्र पगारपावती आहे, रेशनकार्ड आहे, पत्ता आहे. तो जामीनदार म्हणून उभा राहू शकतो. एका माणसामागे एक. धोका आहे, तो लपवत नाही: पोरगा तारखेला आला नाही तर रक्कम जामीनदाराच्या अंगावर येते. म्हणून पोराचा गावाकडचा पत्ता, बापाचा फोन, रूमवरच्या दोघांचे फोन वहीत घ्या आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी फोन करायला एक माणूस नेमा. आमच्या भागात एका युनियनने हे केलं तेव्हा कमिटीत दोन तास भांडण झालं. शेवटी पेंटशॉपमधले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘माझी पावती घ्या. मीही आठ वर्षं बदली कामगारच होतो.’ त्यांच्यामागे नऊ जण उठले.

पैशाचं थोडं सांभाळून. युनियनचा सर्वसाधारण निधी कायद्याने ठरवलेल्या कामांवरच खर्च करता येतो आणि बिगरसभासदांसाठी तो वापरलात तर उद्या तुमच्यातलाच कुणी तक्रार करेल. वेगळा कायदेशीर मदत निधी काढा, वेगळं पावती पुस्तक, जनरल बॉडीचा ठराव, दर महिन्याला हिशेब फलकावर. महिन्याला वीस रुपये दिले तरी चारशे माणसांच्या कारखान्यात आठ हजार होतात. तारखेचा प्रवासखर्च आणि बुडालेल्या खाड्याची अर्धी भरपाई त्यातून निघते. खटला हरायचं सर्वांत मोठं कारण पुराव्याचं नसतं, खाड्याचं असतं. पोराला तारखेसाठी सुट्टी मिळत नाही, तो दोनदा चुकतो, वॉरंट निघतं, मग तो कायमचाच पळतो आणि बाकीच्या दहा जणांचा खटला त्याच्यासाठी अडून बसतो.

पोरं सुटल्यावर चॅप्टर केसच्या नोटिसा येतील, चांगल्या वर्तणुकीची हमी द्या म्हणून. एकट्याने ठाण्यात जाऊन सही करू नका म्हणावं. वकील सोबत हवा. पुढाकार घेणाऱ्या एखाद्याला तडीपारीची नोटीसही येऊ शकते, तिला मुदतीत लेखी उत्तर द्यायचं.

तुम्ही लिहिलंय की पुढची रिमांडची तारीख सोमवारी आहे. शनिवारी संध्याकाळी ऑफिसात अकरा जामीनदारांच्या पगारपावत्यांच्या झेरॉक्स, रेशनकार्ड, आधार आणि प्रत्येकी दोन फोटो एका फाईलमध्ये लावून ठेवा. मूळ कागद ज्याचे त्याच्या हातात राहू द्या. सोमवारी साडेदहाला सगळ्यांनी कोर्टाच्या गेटवर यायचं, रजेचे अर्ज आधी टाकून. पोरांना कोठडीतून आणतात त्या दाराशी दोघांनी उभं राहायचं, आणि शर्ट वर करायची आठवण करून द्यायची. अकरा डबे घेऊन जा. आदल्या दिवशीपासून त्यांनी धड जेवलेलं नसतं.